पणजोबा शोधायला रेकॉर्ड रूममध्ये गेलो त्याची गोष्ट

वंशावळीत आमच्याकडे पाच पिढ्यांची नावं आहेत, पण नुसती नावंच. कोण काय पिकवायचं, कोण कशाने गेलं, कुणालाच धड माहीत नाही. म्हणून गेल्या महिन्यात मी आणि चुलतभाऊ दोन दिवस सुट्टी टाकून तहसीलला गेलो.

पहिला दिवस वाया. आम्ही आत्ताच्या तालुक्याला आणि दप्तर जुन्या तालुक्याला. त्यामुळे निघायच्या आधी गाव तेव्हा कशात होतं ते बघा, सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीतच होता, अशी बरीच उदाहरणं आहेत. मराठवाड्यातले असाल तर निजामाच्या काळातलं उर्दू वाचणारा माणूस लागेल.

दुसऱ्या दिवशी कोतवाल बुक हातात आलं, म्हणजे जन्ममृत्यूचं रजिस्टर, गाव नमुना १४. सगळं मोडी लिपीत. ओळखीचे एक मोडीवाले काका सोबत होते म्हणून निभावलं, कारण मोडीत शब्द तोडून लिहीतच नाहीत, सलग ओळ असते. पण आकडे आपल्यासारखेच, तेवढे आपले आपण वाचता येतात. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, घरातल्या बायका शोधायच्या तर या 'कोम'वरच नजर ठेवा. इंग्रजी साल काढायला, शके असेल तर ७८ मिळवा, फसली (जुनं महसुली साल) असेल तर ५९०, एखाद वर्ष इकडेतिकडे होतं.

पणजी १९१८ साली गेली एवढं आत्याकडून ऐकलेलं. भाऊ लगेच नाव शोधायला लागला, मी म्हटलं थांब रे, आधी पानं मोज. एरवी महिन्याला दोन-तीन मृत्यू, अर्धं पान पण भरत नाही. ऑक्टोबरची साडेतीन पानं! इन्फ्लुएंझाची साथ ती. कारणाच्या रकान्यात आधी 'ताप' लिहिलंय आणि मग खाली नुसतं सदर, सदर, सदर, म्हणजे वरचंच. पणजीपुढेही 'सदर'च. आणि तिच्याखाली सहा ओळी सोडून, 'मुलगी, वय ३ महिने', नाव नाही, बाप म्हणून आमचे पणजोबा.

ही मुलगी वंशावळीत नाहीच.

मग पीकपाहणीही काढली. त्या वर्षी आमच्या शेतापुढे 'पड', म्हणजे न पेरलेली जमीन. आता १९१८ ला पाऊसही दगा देऊन गेला होता, तेव्हा दुःखाने शेत पडलं वगैरे कथा मी रचणार नाही, शेजारच्यांच्या ओळीही बघितल्या तर तिथेही निम्म्यांची पडच. आपलीच ओळ वाचून उठू नका एवढंच सांगतो, आजूबाजूच्या वाचल्याशिवाय काही कळत नाही.

बाकी, मास्क न्या, धूळ भयंकर. पेन नको, पेन्सिल. फोटोचं आधी विचारा, आम्हाला नाही म्हणाले. नक्कलेचा अर्ज सकाळीच टाका, आम्ही चारला टाकला आणि अजून वाट बघतोय.

आत्याला रात्री फोन करून त्या मुलीचं सांगितलं. बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, नाव काय होतं रे तिचं?