जागलीच्या रात्रीचे ऐकणे

१८ जानेवारी, पहाटे

हरभऱ्याचे घाटे भरू लागले आहेत आणि या आठवड्यात लाईनची, म्हणजे विजेची, पाळी रात्रीची आहे, त्यामुळे ओलितासाठी रोज रात्री वावरात यावे लागते. दर तीन तासांनी स्प्रिंकलरचे पाईप बदलायचे आणि मधल्या वेळात रानडुकरे किंवा रोही (नीलगायी) पिकात शिरणार नाहीत यावर लक्ष ठेवायचे, एवढेच काम असते. त्या मधल्या तासांत कोठ्याच्या दाराशी शेकोटी करून, एका कानात इअरफोन घालून आणि दुसरा कान वावराकडे मोकळा ठेवून मी जे ऐकले, ते लिहून ठेवावे असे बऱ्याच दिवसांपासून मनात होते. पुण्याला शिकणारा पुतण्या दिवाळीत आला तेव्हा त्याने माझ्या मोबाइलमध्ये निरनिराळ्या देशांचे संगीत भरून दिले. वावरात नेटवर्क नाही, म्हणून भरलेले तेवढेच पुन्हा पुन्हा ऐकावे लागते, आणि बहुधा त्यामुळेच ते इतके जवळचे झाले.

सर्वांत जास्त ऐकला तो अली फारका तूरे. हा पश्चिम आफ्रिकेतील माली देशाचा गिटारवादक आणि गायक. जन्म १९३९ चा, मृत्यू २००६ मध्ये. अमेरिकन गिटारवादक राय कूडर याच्यासोबत १९९४ मध्ये केलेल्या ध्वनिमुद्रणाला ग्रॅमी पुरस्कार मिळाल्यावरही तो नायजर नदीकाठच्या निआफुंके या आपल्या गावी शेती करत राहिला, आणि पुढे त्या गावाचा महापौरही झाला. १९९९ मध्ये निघालेल्या ध्वनिमुद्रणासाठी शेत सोडून यायला तो तयार नव्हता, म्हणून सगळी यंत्रे त्याच्या गावी न्यावी लागली आणि जनरेटरच्या विजेवर काम झाले. हे पुतण्याने सांगितले तेव्हा मी त्यातले गाणे लगेच पुन्हा लावले, आणि खरोखरच ते मला वेगळे ऐकू आले. त्याची गिटार एकाच लहानशा ओळीभोवती फिरत राहते. ओळ तीच असते, पण प्रत्येक फेरीत एखादा सूर जरा मागे राहतो किंवा जरा आधी येतो.

समोर माझे बारा स्प्रिंकलर चालू असतात. पाण्याच्या धारेने दांडी बाजूला फेकली जाते, स्प्रिंगच्या ओढीने परत येते आणि चिक् असा आवाज होतो. मोटरजवळच्या नोझलला दाब जास्त असल्याने ते भरभर बोलते, टोकाचे सावकाश. बाराही ठेके कधी एकमेकांपासून सुटतात, तर कधी क्षणभर एकत्र येतात. तूरेच्या गाण्यात मला नेमके तेच सापडले. परवा आईला घरी ऐकवले. तिला भाषेचा एक शब्द कळण्याचे कारण नव्हते. थोडा वेळ ऐकून ती म्हणाली, “हा मानूस वावरातला वाटते मले.” मी तोवर तिला त्याच्याविषयी काहीही सांगितले नव्हते.

जर्मन संगीतकार बाख मात्र मला पहिल्या दोन रात्री कळला नाही. त्याने एकट्या चेलो या वाद्यासाठी सहा रचना केल्या. सोबतीला ना ठेका, ना दुसरे वाद्य. स्पेनमधील पाब्लो कासाल्स या वादकाला वयाच्या तेराव्या वर्षी बार्सिलोनातील जुन्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात त्यांची स्वरलिपी मिळाली, आणि लोकांपुढे वाजवण्यापूर्वी त्याने कितीतरी वर्षे त्यांचा नुसता रियाज केला. १९३६ ते १९३९ या काळात त्याने त्या मुद्रित केल्या, तेच माझ्याकडे आहे. तिसऱ्या रात्री पाईप बदलून ओल्या पायांनी शेकोटीपाशी बसलो असता पहिल्या रचनेची सुरुवात लागली, आणि खालचा सूर पुन्हा पुन्हा येतो तो एकतारीच्या तारेसारखा आधार देतो आहे, हे एकाएकी ध्यानात आले. त्यानंतर ते संगीत मला परके वाटले नाही.

कुमार गंधर्व आधीही ऐकले होते, पण इतके निवांत नाही. क्षयाने त्यांचे एक फुफ्फुस निकामी झाले आणि काही वर्षे गाणे थांबले. त्या काळात देवासला अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी माळव्यातील लोकगीते कानांत साठवली. त्यांच्या निर्गुणी भजनात स्वर फेकून ते जे थांबतात, त्या थांबण्यात मला मोझरी आठवते. आमच्या गावातून दरवर्षी तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मंडळी मोझरीला त्यांच्या गुरुकुंज आश्रमात जातात. दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी अफाट जनसमुदाय मौन पाळतो, तेव्हा लहान लेकरूसुद्धा रडत नाही असे मला प्रत्येक वेळी वाटते. त्या मौनानंतरचा पहिला आवाज जसा अंगावर येतो, तसाच कुमारांचा पुढचा स्वर येतो.

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त कामाला लावले ते दक्षिणेच्या कंजिऱ्याने. जी. हरिशंकर यांचे वादन ऐकेपर्यंत आमच्या खंजिरीचा असा भाऊ तिकडे आहे हे मला माहीतच नव्हते. आमची खंजिरी थंडीत सैल पडते, म्हणून भजनाला बसण्याआधी आम्ही ती शेकोटीवर धरतो. फार जवळ गेली तर कातडे तडकते, म्हणून मनगट सतत फिरते ठेवावे लागते. कंजिऱ्याला उलट आतून पाणी लावून कातडे सैल करतात, आणि त्यातून तो घुमारा निघतो, जणू छातीतून कोणी हुंकार द्यावा. एका हातात धरलेल्या वीतभर वाद्यात इतका खोल आवाज असू शकतो, यावर माझा विश्वासच बसेना.

म्हणून काल माझी जुनी खंजिरी सोबत घेऊन आलो. मध्यरात्रीचे पाईप बदलून झाल्यावर आतून दोन बोटे पाणी लावून पाहिले. पहिल्यांदा नुसताच भद्द आवाज आला. थोडी शेकली, पुन्हा पाणी लावले. तिसऱ्या खेपेला मधल्या बोटाने मारताच एक खोल सूर निघाला आणि बांधावरचे कुत्रे उठून बसले. आता लाईन जाण्याची वेळ झाली आहे. गुरुवारी भजनी मंडळात खंजिरी घेऊन जाईन; आमच्यातले वयाने सर्वांत मोठे खंजिरीवाले काका पाणी लावू देतील की रागावतील, हे मला सांगता येत नाही, पण तो एक सूर त्यांना ऐकवायचाच आहे.