सहावी तार जागेवर, पहिली बेपत्ता

गिटार दाखवायला आलेल्या मुलाची तक्रार एका वाक्याची होती. “दादा, नेकचा पिकअप बदलल्यापासून पहिली तार ऐकूच येत नाही, आणि बेंड घेतला की पारच बसते.”

पहिली म्हणजे सगळ्यात बारीक तार, बेंड म्हणजे बोटाने तार आडवी ओढून सूर चढवणं, आणि पिकअप म्हणजे तारांखालचा, त्यांचं हलणं विजेत बदलणारा भाग. इलेक्ट्रिक गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअपची, नेक म्हणजे मान बोल्टने जोडलेली. पिकअप त्याने स्वतःच बदलला होता आणि सोल्डरिंग स्वच्छ होतं. खरेदीच्या आधी त्याने तारांमधलं अंतरही मोजलं होतं. एवढं कष्टाने केलेलं काम फसलं की माणूस हिरमुसतो, तसा तो समोर उभा होता.

एकच तार दबली असेल तर कॉइलवर, म्हणजे पिकअपमधल्या तांब्याच्या तारेच्या गुंडाळीवर, संशय घ्यायचं कारण नसतं. कॉइल सहाही तारांना मिळून एकच असते. ती बिघडली तर सगळ्याच तारा बसतील. म्हणून मल्टिमीटर न काढता आधी पहिली तार नवी चढवली. काही फरक नाही. मग पिकअपची त्या बाजूची उंची वाढवली, तर दुसरी तार ओरडायला लागली आणि पहिली होती तिथेच राहिली. म्हणजे अडचण वरखालीची नव्हती, आडवी होती.

अशा सिंगल कॉइलमध्ये बहुधा प्रत्येक तारेखालचा पोल हाच चुंबक असतो, साधारण 5 मिलिमीटर जाडीचा दांडा. तो तारेला चुंबकत्व देतो, तार हलली की कॉइलमध्ये वीज उमटते. दांड्याच्या माथ्यावर हा जोर एकवटलेला असतो आणि कडेला झपाट्याने उतरतो. मिलिमीटरभर सरकलेली तार कानाला कळत नाही, असं माझं मत आहे, आणि त्यावरून होणारी पुष्कळशी काळजी वाया जाते. पण तीन मिलिमीटर म्हणजे तार दांड्याच्या बाहेर.

त्याला विचारलं, माप कुठे घेतलंस? म्हणाला, ब्रिजवर, म्हणजे गिटारच्या अंगावर तारा जिथे अडकतात तिथे, तार टेकते त्या सॅडलपाशी. 52.4 मिलिमीटर. म्हणून 52चा, म्हणजे पहिल्या ते सहाव्या पोलमध्ये 52 मिलिमीटर असलेला, पिकअप घेतला.

इथे बहुतेक जण फसतात. तारा समांतर नसतात. नेकच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे तारा ज्या खाचांतून जातात त्या नटपाशी, त्या जवळ असतात आणि ब्रिजकडे जाताना फाकत जातात. त्याच्या गिटारवर नटपाशी पहिली ते सहावी 35 मिलिमीटर, सॅडलपाशी 52.4. फरक 17.4. नेकचा पिकअप नटपासून साधारण पाऊण वाटेवर, म्हणजे चोवीसावा फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) जिथे आला असता तिथे बसतो. 17.4चे पाऊण 13, ते 35मध्ये मिळवले की 48. तिथे तारा 48वर आणि पोल 52वर. दोन्ही कडांना पोल दोन-दोन मिलिमीटर बाहेर.

52चं माप आलं कुठून, हेही त्याला सांगितलं. 1954 साली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार आली तेव्हा तिच्या ब्रिजवर तारा 56.4 मिलिमीटरवर पसरलेल्या असत. तेच गणित तिथे लावलं तर नेकच्या पिकअपवर 51 येतात, मग 52चा पिकअप बरोबर जमतो. पुढे अनेक ब्रिज अरुंद झाले, जुन्या मापाचे पिकअप मात्र अजूनही बनतात.

उत्तर मिळालं असं वाटून मी गिटार त्याच्याकडे सरकवलीही. आणि तेवढ्यात सहावी तार दिसली. ती जवळजवळ पोलच्या मध्यावर होती.

हे बसेना. दोष फक्त रुंदीचा असेल तर दोन्ही कडेच्या तारा सारख्याच आत यायला हव्यात. गिटार परत ओढली. पोल आणि तारांच्या मधून स्टीलची पातळ पट्टी सरकवली आणि वरून एक डोळा मिटून पाहिलं. पट्टीतलं प्रतिबिंब तारेखाली लपलं की नजर सरळ आहे असं समजायचं, तिरकी नजर सहज मिलिमीटरभर फसवते. सहावी मध्यापासून एक मिलिमीटर आत, पहिली तब्बल तीन. तारांचा अख्खा संच सहावीच्या बाजूला सरकलेला होता.

मग शेवटच्या फ्रेटपाशी पाहिलं. सहावी तार फ्रेटबोर्डच्या काठाला आलेली आणि पहिलीच्या बाहेर मोकळी जागा. नेकच तिरका बसला होता. नेक अंगात बसतो त्या खोबणीत पहिलीच्या बाजूला बारीकशी फट होती. तेवढी फट नटपर्यंत जाईतो चार मिलिमीटर होते, आणि त्यातला चौथा हिस्सा, एक मिलिमीटर, नेकच्या पिकअपवर उतरतो.

तारा सैल केल्या, नेकचे चारही स्क्रू पाव फेरा ढिले केले, नेक हाताने सावकाश पहिलीच्या बाजूला ओढला, तसाच धरून स्क्रू आवळले. तारा सुरात आणून पुन्हा पट्टी. दोन आणि दोन. पहिली तार आता दांड्याच्या काठावर का होईना, पण त्याच्यावर होती.

त्याने बेंड घेतला. तार पहिल्या-दुसऱ्या पोलच्या मधल्या पोकळीवरून जाताना अजून थोडी बसत होती, पण हरवत नव्हती. त्याचा चेहरा खुलला. तरी मी त्याला 50चा पिकअप घ्यायला सांगितलं, आणि पोलचं माप कसं घ्यायचं तेही दाखवलं: व्हर्नियरचा एक जबडा सहाव्या पोलच्या डाव्या कडेला, दुसरा पहिल्या पोलच्या डाव्याच कडेला. म्हणजे मध्य ते मध्य अंतर आपोआप मिळतं. बाहेरच्या कडा धरल्या तर एका पोलची जाडी जास्त मोजली जाते.

काही दिवसांनी तो 50चा घेऊन आला, तेव्हा आमचं दोघांचंही राहून गेलेलं एक निघालं. जुन्या कव्हरची भोकं 52च्या हिशेबाची होती, नवे पोल त्यात शिरेनात. कव्हर येईपर्यंत पिकअप उघडाच बसवला. त्याने अंगठ्याने सहा तारा एकेक करून छेडल्या, पहिलीवर थांबला, आणि तीच पुन्हा छेडली.