शनिवारचा धडा

शनिवारी आमच्या इस्राएल आळीतली मुलं शाळेत नसत. आम्हा यहुद्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा दिवस असे, घरात चूलही पेटत नसे. आठवीत शास्त्राच्या बाईंनी 'हृदय' हा धडा नेमका शनिवारी घेतला. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी मला वर्गात थांबवून घेतलं आणि लाल-निळ्या खडूंनी फळ्यावर सगळी आकृती पुन्हा काढली. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. "आता अशुद्ध रक्त कुठून आलं, ते तू सांग." घंटा होईपर्यंत माझा डबा उघडला गेला नाही, आणि बाईंचाही नाही.

1963 मध्ये नववी अर्धी टाकून आम्ही अलिबाग सोडलं. मी 14 वर्षांची होते, पाठचे दोघे भाऊ लहान. इस्राएलमध्ये आम्हांला दिमोना गावी घर मिळालं. नेगेवच्या वाळवंटात 1955 साली वसवलेलं गाव! समुद्राची गाज ऐकत झोपणाऱ्यांना तिथली शांतता सोसवेना. हिब्रू प्रार्थना तोंडपाठ होत्या, पण दुकानात मीठ मागता येत नव्हतं.

बेने इस्राएलांच्या, म्हणजे आम्हा कोकणातल्या यहुद्यांच्या, लग्नांवर तिथल्या रब्बींनी (यहुदी धर्मगुरूंनी) घातलेल्या अटींविरुद्ध 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणं झालं. बाबा त्यात बसले होते. ऑगस्टअखेर अटी बदलल्या. पण कोकणात पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळलेल्या माणसाला आपण यहुदी आहोत हे सिद्ध करावं लागतं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं ते लागलंच. पुढच्याच हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले आणि उठले नाहीत.

इस्पितळात त्यांना बघणाऱ्या परिचारिकेला सगळे 'अखोत' म्हणत. हिब्रूत अखोत म्हणजे परिचारिका, आणि बहीणसुद्धा. बाबांना हे कळल्यावर ते तिला 'ताई' म्हणू लागले. ती हसून 'ओ' द्यायची. हे काम आपण करायचं, हे माझ्या मनानं तिथेच घेतलं.

पण आधी घर चालवायचं होतं. आई कापडगिरणीत रात्रपाळी करायची, 16 व्या वर्षी मीही तिच्याबरोबर जाऊ लागले. भाऊ जरा मोठे झाल्यावर, 1968 मध्ये, आईनं मला बेरशेबाला परिचारिकेच्या शिक्षणासाठी पाठवलं. "माझे हात अजून चालतात," एवढंच ती म्हणाली.

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. प्रश्न उमगेपर्यंत वेळ संपायची. मग मी एक वही केली. हिब्रू उजवीकडून, मराठी डावीकडून, पानाच्या मध्यावर दोघींची गाठ पडे. हृदयाचा धडा आला तेव्हा कळलं, कर्णिकेला हिब्रूत 'अलिया' म्हणतात आणि जवनिकेला 'खेदेर', म्हणजे खोली. अलिया म्हणजे वर चढणं. आम्ही देश सोडून इथे आलो, त्यालाही अलियाच म्हणतात! आकृती काढताना मला पुस्तक उघडावं लागलं नाही. बाईंचा फळा डोळ्यांपुढे होता.

परिचारिका झाल्यावर पहिल्याच वर्षी रेवदंड्याकडच्या एक आजी वॉर्डात आल्या. हिब्रूतला 'कोएव' हा एकच शब्द त्यांना ठाऊक, दुखतं. जबड्यावर हात ठेवून त्या तेवढंच म्हणत राहिल्या. दाढ दुखत असेल, असं सगळ्यांना वाटलं. मी मराठीत विचारलं.

"दाढ नाय गो बाय! छातीवर पाटा ठेवल्यागत झालंय. तिथनं कळ निघते न् दाढेत शिरते."

मी डॉक्टरांकडे धावले. ईसीजी काढला, तर हृदयविकाराचा झटका होता. छातीला वायरी लावेपर्यंत आजींनी माझं मनगट सोडलं नाही. "तू कुणाची गो?" त्या विचारत होत्या. मी बाबांचं नाव सांगितलं, आळी सांगितली, शाळा सांगितली. दोन-अडीच आठवड्यांनी आजी आपल्या पायांनी घरी गेल्या.

त्या रात्री पाळी संपल्यावर मी शाळेच्या पत्त्यावर बाईंना पत्र टाकलं. आत हृदयाची आकृती काढली होती, नावं दोन्ही भाषांत. उत्तर आलं नाही. बाईंच्या घरचं कुणी ही स्मरणिका वाचत असेल, तर शाळेकडून माझा पत्ता जरूर घ्या. त्या सोमवारच्या न उघडलेल्या डब्याबद्दल मला तुम्हांला सांगायचं आहे.