तुम्ही विचारलंत म्हणून: वजन उतरलं, अर्धशिशी गेली का?

लग्नकार्यात भेटणाऱ्या बायका मला हमखास विचारतात, "वजन उतरवलंत, मग डोकं दुखायचं थांबलं ना?" विचारणारीला बहुतेक वेळा स्वतःसाठीच उत्तर हवं असतं, म्हणून नीट सांगते.

थांबलं नाही. कमी झालं. महिन्यातले दहा-बारा दिवस खिडक्या लावून अंधारात पडून काढायची, आता तीन-चार.

अर्धशिशी नुसत्या वजनामुळे जडत नाही. माझी आई अंगाने काडी होती, तरी तिचं डोकं असंच उठायचं. पण ज्याला हा आजार आहे, त्याचे दुखण्याचे दिवस वजनाने वाढू शकतात. चरबी नुसती साठून राहत नाही, दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडत राहते. 2017 साली जवळपास 2 लाख 89 हजार लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली, तेव्हा लठ्ठ माणसांना अर्धशिशी असण्याची शक्यता 27 टक्क्यांनी जास्त दिसली. एवढं सगळे सांगतात. फार कमी वजनाच्या माणसांतही ती 13 टक्क्यांनी जास्त होती, हे मात्र कुणी सांगत नाही.

मलाही कुणी सांगितलं नव्हतं. सुरुवातीला मी रात्रीचं जेवणच सोडलं, आणि संकष्टीला चंद्रोदयापर्यंत नुसत्या पाण्यावर राहिले. चंद्र दिसायच्या आधीच उलट्या सुरू झाल्या. उपाशी राहणं हे अर्धशिशीला आमंत्रणच आहे. मग वेळेवर पोटभर भाजी-भाकरी, संध्याकाळी पाऊण तास चालणं आणि ठरलेल्या वेळी झोप, एवढंच धरलं. दीड वर्षात अकरा किलो उतरले. यात वजनाचा वाटा किती आणि झोपेचा किती, हे मला वेगळं काढता येत नाही.

आणखी एक. डोकेदुखी टाळण्यासाठी रोज घ्यायच्या काही गोळ्यांनीच वजन वाढतं. फ्लुनारिझिन, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, व्हॅल्प्रोएट ही त्यांतली. माझे सहा किलो त्यातच वाढले होते आणि मी वर्षभर स्वतःच्या जिभेला दोष देत बसले. गोळी मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

आणि वजन वाढत असताना डोकेदुखीची तऱ्हाच बदलली, वाकल्यावर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली, कानात नाडीचे ठोके ऐकू येऊ लागले, तर ती अर्धशिशी समजून अंगावर काढू नका. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढल्यावर असं होतं आणि त्यात नजर जाऊ शकते. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्या, त्याच आठवड्यात.