तुम्ही विचारलंत म्हणून: एआरने चायनीज लवकर येतं का?

कॉलेजच्या मुलांना चायनीज शिकवते म्हटलं की हल्ली हा प्रश्न ठरलेलाच, मॅडम एआर वापरून भाषा लवकर येते का हो? म्हणजे मोबाईलचा कॅमेरा टेबलावर धरला की स्क्रीनवर त्या टेबलालाच चिनी शब्द चिकटलेला दिसतो, ते. येते, पण कॅमेरा काय दाखवतोय त्यावर सगळं आहे.

चायनीजमध्ये नुसतं 'एक टेबल' चालत नाही, आकडा आणि वस्तू यांच्यामध्ये अजून एक शब्द लागतो आणि तो वस्तूप्रमाणे बदलतो. सपाट पसरलेल्या वस्तूंना 'चांग', म्हणजे टेबल, पलंग, कागद, तिकीट. मुठीत धरायच्या वस्तूंना 'बा', म्हणजे छत्री, सुरी, किल्ली, आणि खुर्चीपण! खुर्ची इथे कशी आली हे वहीत यादी करून डोक्यात बसत नाही, पण होस्टेलच्या खोलीत मुलगी कॅमेरा फिरवते, छत्रीवर बा, किल्लीवर बा, मग खुर्चीवर बा, आणि तिचं तिलाच कळतं की अरे खुर्ची आपण पाठीला धरूनच तर उचलतो. तो शब्द मग ती विसरत नाही. मला एआर आवडतं ते यासाठी.

गूगल ट्रान्सलेटचा कॅमेरा नेमकं उलटं करतो. २०१० मध्ये वर्ड लेन्स नावाचं ॲप आलं होतं, ती कंपनी गूगलने २०१४ मध्ये घेतली, तिथून हे आलं. पाटीवर धरलं की चिनी अक्षरं गायब आणि जागेवर इंग्रजी. शांघायमध्ये रस्ता चुकलात तर जरूर वापरा, पण शिकताना नको, जे वाचायचं तेच पुसलं जातं ना.

उच्चाराला मात्र कॅमेरा पुरत नाही. मँडरिनचे, म्हणजे आपण शिकतो त्या प्रमाण चायनीजचे, सूर चार, 'मा' सपाट म्हटलं तर आई आणि खाली नेऊन वर आणलं तर घोडा, स्क्रीनवर त्या सुराची रेघ दिसते पण गळ्यातून तो निघाला की नाही हे ऐकायला समोर माणूस लागतं. एका बाबतीत आपली मुलं नशीबवान आहेत, चाळीतला च आणि चिंचेतला च आपण लहानपणापासून वेगळे बोलतो, आणि पिनयिनमधला, म्हणजे चिनी उच्चार इंग्रजी अक्षरांत लिहायच्या पद्धतीतला, झेड म्हणजे जवळजवळ आपला चाळीतलाच च.

माझ्या वर्गात पहिल्या सेमिस्टरला क्रम असा असतो, वस्तू हातात घ्यायची, शब्द मोठ्याने म्हणायचा, आणि मग कॅमेरा धरून बघायचं बरोबर होता का. पिनयिन बंद ठेवून, फक्त अक्षर.