तेल कोणतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, तुमच्या घरी तेल कोणतं वापरता?" हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, एसटीत विचारलाय, हळदीकुंकवाला तर दरवर्षी विचारतात. चौतीस वर्षं कॉलेजात गृहविज्ञान शिकवलं, त्यामुळे विचारणाऱ्यांचं काही चुकत नाही. माझं उत्तरही ठरलेलं: घाण्याचं शेंगदाणा, अधूनमधून करडई, वरणभातावर चमचाभर तूप. विचारणारीचं समाधान होतं. माझं होत नाही. तिला डब्यावरचं नाव हवं असतं, मी ते देते आणि सुटते. या वेळी सगळंच सांगते.

१९८८ साली आप्पांना, माझ्या वडिलांना, हृदयविकाराचा पहिला झटका आला. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी बजावलं, तूप, लोणी, अंडी बंद. आप्पा आणि आई गाव सोडून सांगलीला माझ्याकडे राहायला आले. गावी दावणीला दोन म्हशी होत्या, दर पंधरा दिवसांनी तुपाची बरणी यायची. ती मी वरच्या फळीवर ठेवून दिली. आप्पा कोरडी भाकरी अर्धी टाकून उठायला लागले. भात तर चिवडून ठेवायचे. अंगानं उतरले. मग मला एक युक्ती सुचली आणि मी वनस्पती तुपाचा डबा आणला. वनस्पतीपासून केलेलं, म्हणजे त्यात कोलेस्टेरॉल नाही. हे खोटं नव्हतंच. तुपाच्या नेहमीच्या पितळी वाटीत मी ते पातळ करून ओतलं, वर घरच्या तुपाचे चार थेंब टाकले वासापुरते, आणि आप्पांच्या वरणभातावर धार सोडली.

त्यांनी पहिला घास घेतला. जीभ टाळूला लावून पाहिली. वनस्पती तूप तोंडात चटकन विरघळत नाही, टाळूला चिकटून राहतं. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आपल्या म्हशीचं न्हाई हे." मी म्हटलं, "आपलंच आहे आप्पा, आजारपणानं तोंडाला चव नाही तुमच्या." ते काही बोलले नाहीत. खाली बघून सगळा भात संपवला. आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशीच, उभी होती. तिनं पाठ फिरवली.

त्याच आठवड्यात मी कॉलेजात मुलींना तुपातली भेसळ ओळखायला शिकवत होते. परीक्षानळीत वितळलेलं तूप घ्यायचं, तेवढंच तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, चिमूटभर साखर. मिनिटभर हलवायचं, मग पाच मिनिटं उभं ठेवायचं. खालचा आम्लाचा थर गुलाबी झाला की तुपात वनस्पती आहे. हा रंग तिळाच्या तेलामुळे येतो. भेसळ पकडता यावी म्हणूनच वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालणं कायद्यानं सक्तीचं होतं. मुलींच्या हातात नळ्या गुलाबी होत होत्या आणि मी फळ्यावर लिहीत होते, भेसळ म्हणजे ग्राहकाची फसवणूक. संध्याकाळी घरी जाऊन त्याच हातांनी पितळी वाटी भरत होते. तेव्हा मला यात काहीही विसंगत वाटलं नाही. मुलगी आहे, शिकलेली आहे, बापाच्या भल्यासाठी करतेय, एवढंच वाटत होतं.

सहा वर्षं हे चाललं. १९९४ साली आप्पा दुसऱ्या झटक्यात गेले.

पातळ तेलात निकेलच्या साहाय्यानं हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होतं. अर्धवट मिसळला तर काही स्निग्धाम्लांची रचना बदलते, तेच ट्रान्स फॅट. ते रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, एलडीएल, वाढवतं, आणि वर चांगलं, एचडीएल, कमीही करतं. तूप निदान हे दुसरं नुकसान तरी करत नाही. नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान या दोघांनी हे १९९० साली दाखवून दिलं. म्हणजे त्यानंतरही चार वर्षं मी आप्पांना तेच वाढत होते. आमच्या लायब्ररीत ती नियतकालिकं येत नव्हती, हे कारण मी स्वतःला कितीतरी वर्षं देत आले. कारण खरं आहे. पण आप्पांनी पहिल्याच घासाला सांगितलं होतं आणि मी त्यांच्या जिभेलाच आजारी ठरवलं.

आता लगेच म्हणू नका की बघा, म्हाताऱ्यांना सगळं कळतं. आप्पांना चव कळली, हृदयाचं त्यांना काही कळत नव्हतं. चाळीस वर्षं विड्या ओढल्या होत्या, साखरही होती. त्यांना वनस्पती तुपानं नेलं असं मी म्हणू शकत नाही. नेलं नाही असंही म्हणू शकत नाही. त्या वेळची मी आज समोर आली तर म्हणेल, तूपच चालू ठेवलं असतं तर काय, आणखी दहा वर्षं जगले असते? माझ्याकडे उत्तर नाही. मी तिला एवढंच विचारू शकते, मग खोटं का बोललीस?

आणि इथेच मला अलीकडच्या तूपवाल्यांचा राग येतो. "शास्त्रज्ञ चुकले होते, आजी बरोबर होती, आता तूप कितीही खा." चुकलं ते वनस्पती तुपाच्या बाबतीत. त्यानं तूप औषध ठरत नाही. तुपात ६० टक्क्यांहून जास्त संपृक्त चरबी, म्हणजे एलडीएल वाढवणारी, असते, खोबरेलात ९० टक्क्यांच्या आसपास, शेंगदाण्याच्या तेलात जेमतेम पाचवा हिस्सा. आजी तूप खायची ती शेतात राबून, चमच्यानं मोजून, सणाला पोळीवर. कॉफीत ढवळून नाही.

पण हेही पूर्ण खरं नाही, कारण उलट बाजूचेही दाखले आहेत. ऑस्ट्रेलियात सिडनीला १९६६ ते १९७३ मध्ये हृदयविकाराच्या रुग्णांना संपृक्त चरबीऐवजी करडईचं तेल आणि करडईचं मार्गारिन, म्हणजे तेलापासून केलेलं लोण्यासारखं, दिलं. त्यातली जुनी माहिती २०१३ मध्ये पुन्हा तपासली तेव्हा तेल बदललेल्या गटातच मृत्यू जास्त निघाले. करडई! जी मी आयुष्यभर मुलींना सांगत आले, आणि आजही माझ्या स्वयंपाकघरात आहे. उलट, असे बरेच प्रयोग एकत्र करून पाहिले तर संपृक्त चरबी कमी केल्यानं हृदयविकाराचे प्रसंग कमी होतात, मृत्यूंच्या आकड्यात मात्र फारसा फरक दिसत नाही. हे सगळं हळदीकुंकवात वाणाचं ताट हातात धरून कसं सांगायचं?

म्हणून मी हल्ली उलट विचारते, घरात माणसं किती आणि महिन्याला तेल किती संपतं? चार माणसांना पाच किलो, असं कुणी सांगितलं की हिशेब करून दाखवते: माणशी रोज चाळीस ग्रॅमच्या वर, म्हणजे तेलाचेच पावणेचारशे कॅलरी. बैठं काम करणाऱ्याला वीस-पंचवीस ग्रॅम पुष्कळ झालं. शिवाय चकल्या तळून उरलेलं काळपट तेल पुन्हा पुन्हा तापवायचं, ते वेगळंच. बेकरीत खारी, टोस्ट, नानकटाई कशात करतात तेही विचारा. कायद्यानं १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांवर नको, पण सुट्या खारीच्या पिशवीवर काय लिहिलंय ते कोण वाचतं? एवढं सांगून झालं की बाई ऐकून घेतात आणि म्हणतात, "हो, पण कोणतं तेल?"

सगळ्यात जास्त हा प्रश्न ज्याच्याकडून यावा असं मला वाटतं, तो माझा धाकटा भाऊ. तो मात्र विचारत नाही. त्याचं एलडीएल १८० च्या वर आहे. गावचं तूप तो वाटीनं खातो. मी बोलले की म्हणतो, "तू आप्पांना वनस्पती खायला घातलंस ताई. आता मला शिकवू नकोस." त्याला हे मीच सांगितलं होतं, आप्पांच्या वर्षश्राद्धाला, रडत. मला वाटलं होतं मन हलकं होईल. तेव्हापासून माझ्या कुठल्याच सल्ल्याला त्याच्याकडे किंमत उरली नाही, आणि माझं म्हणणं आत्ता बरोबर आहे हे त्याला कसं पटवावं ते मला कळत नाही. तेव्हाही मी इतकीच ठाम होते.

गेल्या गणपतीत जेवायला बसलो. त्यानं मोदक फोडला, आत तूप ओतलं, बोटांवरून ओघळेपर्यंत, आणि तीच पितळी वाटी माझ्यापुढे सरकवली. मी चमचाभर घेतलं. आपल्याच म्हशीचं होतं. मी विचारलं, "गोळी चालू केलीस का रे?"

तो दुसरा मोदक फोडत होता.