पुढचे ब्रेक उघडले: बाहेरचं पॅड ५, आतलं २

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की अलॉय चाकाच्या फटीतून टॉर्च मारून पाहिलं, ब्रेक पॅड (चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणारी पट्टी) अजून निम्मं आहे, दिवाळीपर्यंत सहज चालेल. ते वाक्य मागे घेतो.

शनिवारी गाडी स्टँडवर चढवली. डावं कॅलिपर (दोन्ही पॅड धरणारा चिमटा) उघडलं तर बाहेरचं पॅड ५ मिमी आणि आतलं जेमतेम २. मागची लोखंडी पत्री सोडून फक्त घासणारा थर मोजलाय. पहिल्या खेपेला मी पत्रीसकट मोजलं होतं आणि उगाच खूश झालो होतो. उजवीकडे ५ आणि साडेचार. ३ मिमीला पॅड बदलायचं हा माझा नियम, म्हणजे डावं आतलं केव्हाच निवृत्त व्हायला हवं होतं.

कारण लगेच सापडलं. खालच्या स्लाइड पिनचं रबर फाटलेलं, आत पाणी जाऊन पिन गंजलेली. आपल्या बहुतेक गाड्यांत पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतलं पॅड दाबतो आणि मग अख्खं कॅलिपर पिनांवरून सरकून बाहेरचं पॅड ओढून आणतं. पिन अडकली की सगळी मेहनत आतल्याच्या वाट्याला, आणि फटीतून दिसतं ते नेमकं बाहेरचं. पिन घासून साफ केली, रबर नवं टाकलं, सिलिकॉन ग्रीस लावलं. इथे साधं ग्रीस नको, रबर फुगतं.

आता डिस्क. नवी असताना २० मिमी, वर कोरलंय ‘मिन टीएच १८’, म्हणजे किमान जाडी. व्हर्निअर (जबड्यांत धरून जाडी मोजायचं माप) लावला, १९.१. वा! पण मग काठावर बोट फिरवलं. पॅड पोचत नाही तिथे गंजाची कड उभी राहते आणि व्हर्निअरचे जबडे त्या कडेवरच टेकतात. शेजाऱ्यांचा मायक्रोमीटर आणला, त्याची टोकं कडेच्या आत पोचतात. काठापासून सेंटीमीटरभर आत, गोल फिरवत आठ ठिकाणी मोजलं: डावी सगळ्यात कमी १८.२, उजवी १८.६. मायक्रोमीटर नसेल तर दोन्ही बाजूंना एकेक नाणं ठेवून व्हर्निअरने मोजा आणि नाण्यांची जाडी वजा करा. मी करून पाहिलं, दशांशापर्यंत जुळलं.

१८.२ म्हणजे पास, नाही का? इथे मी अर्धा तास चहा घेत बसलो. गाडी ६१ हजार चाललीय, १.८ मिमी गेलंय. उरलेलं ०.२ याच चालीने सहा-सात हजार किलोमीटरमध्ये संपेल, आणि नवे पॅड त्याच्या कितीतरी पुढे जातील. १८ हा आकडा डिस्क फेकायचा आहे, नवे पॅड चढवायचा नव्हे. ओळखीचे मेस्त्री म्हणाले, ‘लेथवर मारून देतो, आरशासारखी होईल.’ होईल हो, पण १८ च्या खाली जाऊन! पातळ डिस्क उष्णता कमी साठवते, घाटात लवकर तापते, आणि पिस्टनलाही जास्त बाहेर यावं लागतं. दोन्ही डिस्क नव्या घेतल्या. उजवी अजून चालली असती, पण एक जुनी एक नवी मला नको होती.

रविवारी जोडणी. हबवरचा (डिस्क जिथे बसते त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढला, कारण तिथे खपली राहिली तर नवी डिस्कही वाकडी फिरते. फिरताना डिस्क किती डुलते ते डायल गेजवर पाहिलं, ०.०३ मिमी आलं, ०.०५ पर्यंत मी चालवून घेतो. कॅलिपर पाइपवर लोंबकळू न देता तारेने स्प्रिंगला बांधलं. पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीतून थोडं ब्रेक ऑइल उपसून घेतलं, तरी एक थेंब फेंडरवर सांडलाच. लगेच पाण्याने धुतला, रंग वाचला.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत पंप केलं (हे विसरलात तर पहिला ब्रेक समोरच्या भिंतीवर लागतो). मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून रिकाम्या रस्त्यावर ब्रेक मारत वेग ६० वरून १० पर्यंत, पूर्ण न थांबता, दहा वेळा. मध्ये थोडं गार होऊ दिलं.

पुढच्या रविवारी ताम्हिणी उतरून परत पिना तपासणार. मागचे ड्रम ब्रेक अजून उघडलेलेच नाहीत.